लहान मुलांना शिकण्याचे व्हिडिओ दाखवायचेत? सुरुवात अशी करा

व्हिडिओच्या नावात 'लर्निंग' किंवा 'शैक्षणिक' असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, ज्याने तो टाकला त्यानेच ते लिहिलेलं असतं, बस. त्यामुळे घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे, त्याला काहीतरी चांगलं दाखवावं असं मनात आहे आणि सर्च केल्या केल्या रंगीबेरंगी चौकोनांची रांगच समोर आलीय, तर त्या नावावर जाऊ नका आणि व्ह्यूजवर तर अजिबात जाऊ नका, कारण या वयात एकच मूल एकच व्हिडिओ पन्नास पन्नास वेळा बघतं आणि आकडा फुगत जातो. मी याच वयाच्या मुलांबरोबर काम करते आणि नवीन आईबाबा मला जे विचारतात ते सगळं इथे ओळीने मांडतेय, कुठून सुरू करायचं आणि पुढे काय करायचं.

पायरी १: आधी वय बघा, व्हिडिओ नंतर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गाइडलाइन्स काढल्या. त्यात पहिला वाढदिवस होईपर्यंत स्क्रीन नकोच, एक वर्षाच्या मुलालाही नको, दोन वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याहून कमी असेल तर अजून चांगलं, तीन-चार वर्षांच्या मुलांनाही तासाच्या वर नाही, असं सरळ सांगितलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये थोडं वेगळं मांडलं होतं, दीड वर्षापर्यंत फक्त व्हिडिओ कॉल चालेल, दीड ते दोनमध्ये दाखवायचंच असेल तर चांगलं निवडून सोबत बसून दाखवा आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तास.

एक तास ही वरची मर्यादा आहे हे मात्र लक्षात ठेवा, रोज तेवढं पूर्ण करायचं नसतं. आणि त्या तासात सगळं आलं, आजोबांच्या मोबाईलवर बघितलेलं पण आणि टीव्हीवर बघितलेलं पण. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. आणि बाळ दीड वर्षाच्या आतलं असेल तर हा लेख सेव्ह करून ठेवा आणि त्याच्याशी गप्पा मारा, आत्ता त्याला खरंच दुसरं काही लागत नाही.

पायरी २: मूल स्क्रीनवरून आपोआप शिकत नाही, हे का ते समजून घ्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा थांबून वाचा.

जॉर्जीन ट्रोसेथ आणि जूडी डिलोच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग छापला होता. शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं जातंय हे मुलांना टीव्हीवर दाखवलं आणि मग त्या खोलीत जाऊन शोधायला सांगितलं. अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना ते सापडलं. दोन वर्षांची मुलं मात्र बऱ्याचदा चुकली. तेच लपवणं दोन वर्षांच्या मुलांना खिडकीतून प्रत्यक्ष दाखवलं तर त्यांना छान जमलं! म्हणजे नजर तीच, खोली तीच, खेळणं तेच, फक्त मध्ये स्क्रीन आली की दोन वर्षांच्या मुलाला 'हे जे दिसतंय ते खरंच त्या खोलीत घडतंय' असं जोडता येत नाही.

भाषेचंही असंच आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाने गोष्टी वाचून आणि खेळून, काहींना तोच माणूस टीव्हीवर दाखवून. समोर माणूस होता ती बाळं चिनी भाषेतले वेगळे आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाली बाळं शिकली नाहीत.

मग २०१४ मध्ये आलेला एक अभ्यास मला फार आवडतो कारण त्यात किल्ली आहे. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवायची होती, एका गटाला समोरासमोर, एका गटाला व्हिडिओ कॉलवर आणि एका गटाला रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समोरासमोरची मुलं शिकली आणि व्हिडिओ कॉलवालीही शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही. स्क्रीन तर कॉलमध्येही होती ना? फरक एवढाच की कॉलवरचा माणूस मुलाकडे बघून, त्याचं ऐकून उत्तर देत होता. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतली ताई 'लाल रंग कुठे आहे?' असं विचारते आणि 'शाब्बास!' म्हणते, मुलाने निळ्यावर बोट ठेवलं तरी आणि मूल उठून दुसऱ्या खोलीत गेलं तरी.

तीन वर्षांच्या आसपास हा अडथळा बराच कमी होतो आणि चार-पाच वर्षांची मुलं चांगल्या व्हिडिओतून खरोखर शिकतात. पण त्याआधी उत्तर देणारं माणूस तुम्हालाच व्हायचंय. व्हिडिओ विषय काढून देतो, शिकणं तुमच्या बोलण्यातून होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पायरी ३: निवड. आधी तुम्ही एकट्याने पूर्ण बघा

पूर्ण म्हणजे पूर्ण, शेवटपर्यंत. पहिली दोन मिनिटं छान असतात आणि मध्येच काहीतरी भलतंच येतं असे बरेच व्हिडिओ आहेत. एकदा आवाज बंद करून बघा. नुसत्या चित्रावरून काय शिकवतायत ते कळतंय का? नसेल कळत तर चित्र फक्त हलतंय, शिकवत काही नाहीये. मग एकदा डोळे मिटून ऐका, बोलणारं माणूस सावकाश, पूर्ण वाक्यात बोलतंय की नुसता धिंगाणा चालू आहे.

आता दोन व्हिडिओ शेजारी ठेवून सांगते, दोन्ही 'एक ते पाच आकडे' शिकवणारे. पहिल्यात पाच आकडे नाचत येतात, प्रत्येकाला डोळे-तोंड आहे, मागे इंद्रधनुष्य फिरतंय, दर दोन सेकंदाला कॅमेरा उडी मारतोय आणि गाण्यात एक-दोन-तीन-चार-पाच इतकंच परत परत. दुसऱ्यात एक हात दिसतो. टेबलावर पाच मोजे पडलेत. हात एक मोजा उचलून दोरीवर टाकतो, 'एक', मग क्षणभर काहीच नाही. दुसरा टाकतो, 'दोन'. पाचवा टाकून झाल्यावर हात सगळ्या दोरीवरून फिरतो आणि आवाज म्हणतो, 'पाच मोजे झाले'. पहिल्या व्हिडिओतून मूल फार तर आकड्यांची माळ पाठ करेल. दुसऱ्यात मोजणं म्हणजे काय तेच दाखवलंय, एका वस्तूला एक आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती. मुलाला 'पाच' म्हणता येणं आणि पाच चमचे आणून देता येणं यात खूप अंतर आहे आणि बाजारात नव्वद टक्के गर्दी पहिल्या प्रकारचीच वाटते मला.

यावरून काय काय बघायचं ते लक्षात येईल. वेग बघा, एक दृश्य जरा वेळ टिकतंय का. मध्ये गप्प बसतायत का, म्हणजे प्रश्न विचारून मुलाला बोलायला जागा ठेवतायत का. एका व्हिडिओत एकच गोष्ट शिकवतायत का की रंग, आकार, प्राणी, अक्षरं सगळं सात मिनिटांत कोंबलंय. खऱ्या वस्तू, खरे हात, खऱ्या माणसाचा बोलणारा चेहरा असेल तर तीनच्या आतल्या मुलांसाठी उत्तमच. आणि गोष्ट असेल तर शिकायचा भाग गोष्टीच्या पोटात आहे का ते बघा, म्हणजे 'पूल ओलांडायला तीन फळ्या लागतात, मोजूया' असं असेल तर आकडा गोष्टीचाच भाग झाला, पण गोष्ट वेगळीच चाललीय आणि मध्येच कोणीतरी येऊन अक्षर दाखवून जातंय तर मुलाला गोष्ट आठवेल, अक्षर नाही.

वेगाबद्दल अजून एक. २०११ मध्ये चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना नऊच मिनिटं एक धडाधड पळणारं कार्टून दाखवलं, काहींना सावकाश चालणारा शैक्षणिक कार्यक्रम आणि काही नुसती चित्रं काढत बसली. नंतर लगेच दिलेल्या कामांत, म्हणजे सूचना लक्षात ठेवणं, मोह आवरून थांबणं असल्या गोष्टींत, पळत्या कार्टूनवाली मुलं मागे पडली. हे तेवढ्या वेळापुरतं होतं, कायमचं नुकसान वगैरे त्यात सिद्ध झालेलं नाही, पण व्हिडिओनंतर मूल चिडचिड करतं, एका जागी बसत नाही अशी तक्रार असेल तर आधी त्या व्हिडिओचा वेग तपासा.

'हा तर खिळून बसतो, म्हणजे त्याला आवडतंय, शिकतोय' असं खूप ऐकते. खिळून बसणं आणि समजणं वेगळं आहे. झगमगाट आणि धाडधाड आवाजाकडे नजर आपोआप वळते. 'सेसमी स्ट्रीट' हा अमेरिकेतला लहान मुलांचा शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांच्या संशोधकांनी भाग तपासायची एक पद्धत काढली होती, मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम आणि बाजूला एका पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणाऱ्या स्लाइड्स, आणि मूल कधी नजर हटवतं ते टिपायचं. लक्ष जातंय का हे त्यांनी असं बघितलं आणि मुलांना काय कळलं ते वेगळं तपासलं. घरी तुम्हाला स्लाइड्स नकोत, दुसऱ्या दिवशी एवढंच बघा की व्हिडिओतलं काही मुलाच्या खेळात किंवा बोलण्यात येतंय का. आठवडाभरात काहीच आलं नाही तर तो व्हिडिओ काढून टाका.

भाषा घरात बोलता तीच आधी निवडा, कारण व्हिडिओ संपल्यावर त्यावर गप्पा तुम्हालाच मारायच्यात. दुसरी भाषा शिकवायचीय तर त्या भाषेत बोलणारं घरातलं किंवा ओळखीचं माणूस आणि व्हिडिओ कॉल, हे कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं.

पाच-सहा व्हिडिओ निवडले की पुरे.

पायरी ४: मुलाच्या हातात द्यायच्या आधी फोन तयार करा

चांगला व्हिडिओ संपल्यावर त्याच्या मागून काय येईल हे तुम्ही निवडलेलं नसतं, खरी अडचण तिथेच आहे. २०१७ मध्ये बातम्या आल्या होत्या की ओळखीच्या कार्टून पात्रांचे चेहरे वापरून बनवलेले घाबरवणारे, हिंसक व्हिडिओ मुलांच्या ॲपमध्येही गाळणीतून सुटून येतायत. नंतर नियम बरेच कडक झाले तरी गाळणी ही मशीनची असते, म्हणून मोकळ्या समुद्रात सोडण्यापेक्षा तुम्हीच निवडलेली यादी सगळ्यात सुरक्षित.

यूट्यूब किड्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या लहान मुलांसाठीच्या ॲपमध्ये, मुलाचं प्रोफाइल बनवताना वय विचारतात, सगळ्यात लहान गट चार वर्षांपर्यंतचा आहे. पण त्याच्याही पुढे जाऊन 'फक्त मंजूर केलेला मजकूर' असा पर्याय असतो तो निवडा, मग तुम्ही एक एक करून टिक केलेले व्हिडिओ किंवा चॅनलच दिसतात आणि मुलाला सर्च करता येत नाही. चॅनल पूर्ण मंजूर करण्यापेक्षा एकेक व्हिडिओ मंजूर करा, कारण चॅनलवर उद्या काय येईल ते आज माहीत नसतं. ऑटोप्ले, म्हणजे एक संपला की पुढचा आपोआप सुरू होणं, ते बंद आहे ना हे स्वतः बघा. आतमध्ये टायमरही आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका, का ते पुढे सांगते. मेनूची नावं अपडेटनुसार बदलतात त्यामुळे शब्द तंतोतंत नाही सापडले तर कुलूपाच्या चिन्हातून पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधा.

व्हिडिओ डाउनलोड होत असतील तर करून ठेवा आणि दाखवताना एअरप्लेन मोड लावा, नोटिफिकेशन पण बंद आणि मूल भलतीकडे जाण्याचा प्रश्नही बंद. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस, दोन्हींनी मूल त्या ॲपच्या बाहेर सहज पडू शकत नाही. आणि ते उभे, सेकंदांत सरकवायचे छोटे व्हिडिओ, ते या वयाला पूर्ण बंद, यावर माझ्याकडे मधला रस्ता नाही.

शक्य असेल तर फोनपेक्षा टीव्ही वापरा. फोन मूल नाकाजवळ धरतं, एकटंच बघतं आणि बोटाने पुढे ढकलत राहतं, टीव्ही लांब असतो, दोघांना दिसतो आणि रिमोट तुमच्या हातात राहतो.

पायरी ५: सोबत बसा आणि मध्ये मध्ये थांबवा

रोज प्रत्येक मिनिट बसणं सगळ्यांना जमत नाही हे मला माहितीय, पण नवीन व्हिडिओ पहिले दोन-तीन वेळा तरी सोबतच बघा. मग पुढे तुम्ही भांडी घासताना लावलात तरी त्यावर बोलायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

बोलायचं काय? परीक्षा घेऊ नका. 'हा कुठला रंग? सांग ना, काल तर सांगितलं होतंस' असं झालं की मूल तोंड फिरवतं. जे दिसतंय ते मुलाच्या आयुष्याला जोडा. समजा व्हिडिओत एक मुलगी बादलीत वस्तू टाकतेय, काय तरंगतं आणि काय बुडतं ते बघतेय. दगड टाकायच्या आधी पॉज करा. 'आता काय होईल गं?' आणि गप्प बसा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा, लहान मुलांना शब्द जुळवायला आपल्याला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो आणि आपण मध्येच उत्तर देऊन टाकतो. तुमची मुलगी म्हणेल 'बु', नाहीतर नुसता हात खाली नेईल. ते पुरेसं आहे. 'बुडेल? बघूया हं' म्हणून प्ले करा. दगड बुडाला की तुमच्याकडे वळून जी नजर टाकते ना, ती नजर स्क्रीनकडे नाही, तुमच्याकडे असते. तिथे शिकणं होतंय.

आणि मग व्हिडिओ बंद केल्यावर खरी बादली काढा. चमचा, बाटलीचं झाकण, तिचा प्लास्टिकचा हत्ती. पाणी सांडेल, सांडू दे. तीन मिनिटांच्या व्हिडिओवर अर्धा तास खेळ झाला तर तो व्हिडिओ सोनं आहे. ज्या व्हिडिओतलं काहीच खोलीत करून बघता येत नाही तो तीनच्या आतल्या मुलासाठी निवडूच नका.

पायरी ६: 'पुन्हा लाव' म्हणालं तर लावा

मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्यांदा बघताना नुसतं काय चाललंय तेच कळत असतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी पुढे काय येणार ते माहीत असतं आणि मग मूल आधीच ओरडून सांगतं. 'ब्लूज क्लूज' हा १९९६ मध्ये सुरू झालेला अमेरिकेतला लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरुवातीला एकच भाग आठवडाभर रोज दाखवायचा आणि त्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की दिवसागणिक मुलं जास्त समजून घेतायत आणि स्क्रीनशी जास्त बोलतायत. म्हणून रोज नवीन शोधायची धडपड करू नका. पुन्हा लावायचं म्हणजे आज संपल्यावर लगेच चौथ्यांदा असं मात्र नाही, ठरलेल्या वेळेत बसतंय तेवढंच.

पायरी ७: बंद करणं

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. आपल्या सगळ्यांची सवय असते, 'दोन मिनिटं राहिली हं, मग बंद'. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांमध्ये हेच तपासलं आणि दिसलं उलटं, दोन मिनिटांची सूचना दिली की बंद करताना त्रास वाढत होता. व्हिडिओ आपोआप संपला किंवा गोष्टच पूर्ण झाली तेव्हा मुलं सहज उठत होती. पटण्यासारखंच आहे, या वयाला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही पण गोष्ट संपली हे नक्की कळतं. म्हणून टायमरवर भिस्त नको म्हणाले, तो मधेच कापतो.

तर मिनिटांऐवजी व्हिडिओ मोजा. सुरू करायच्या आधीच 'आज दोन' असं सांगा, दोन बोटं दाखवा, पहिला संपल्यावर एक बोट मिटा. ऑटोप्ले बंद असल्याने दुसरा संपला की स्क्रीन आपोआप शांत होते आणि वाईट तुम्ही ठरत नाही. पुढचं काम तयार ठेवा, 'चल, आता बादली' किंवा 'चल, कपडे दोरीवर टाकूया'. तरीही रडलं तर रडू द्या, जवळ घ्या, 'अजून बघायचं होतं ना तुला' म्हणा आणि तिसरा लावू नका. एकदा रडल्यावर लावलात की मुलाला तेच पाठ होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखं पाळलं तरच चालतं, नाहीतर मूल बरोबर मऊ माणूस शोधून काढतं.

कधी लावायचंच नाही

भरवताना नाही. झोपायच्या आधीच्या तासात नाही. रडणं थांबवायला रोजचा उपाय म्हणून नाही, कारण मग स्वतःला शांत करायला शिकायची संधीच मिळत नाही (प्रवासात किंवा इंजेक्शन घेताना एखाद्या वेळी लावलं तर त्याचा अपराधीपणा घेऊ नका). आणि कुणी बघत नसताना टीव्ही मागे चालू ठेवू नका, मोठ्यांच्या बातम्या असोत नाहीतर सिरियल. २००८ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मागे टीव्ही चालू असताना मुलं टीव्हीकडे फारशी बघत नव्हती तरी त्यांचा खेळ तुकड्या-तुकड्यात होत होता, एका खेळण्यावर लक्ष टिकत नव्हतं.

एक गोष्ट जी पुढे ढकलू नका

'बोलत नाहीये अजून, म्हणून बोलायला शिकवणारे व्हिडिओ लावतोय' असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. दीड वर्षाचं होऊनही एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवत नाही, किंवा आधी बोलायचं ते आता थांबलंय, यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. व्हिडिओतल्या ओळी धडाधड म्हणतंय पण पाणी हवंय हे सांगता येत नाही, असं असेल तरीही दाखवा. लवकर कळलं तर मदत लवकर सुरू होते आणि या वयात प्रत्येक महिन्याला किंमत आहे.

यादी बदलत राहा

महिन्याभराने निवडलेल्या व्हिडिओंवर परत नजर टाका. ज्यातलं मुलाला आता सगळं येतंय, ज्यातून काहीच खेळात उतरलं नाही, ते काढा आणि त्याला सध्या ज्याचं वेड लागलंय त्यावरचा एखादा घाला, मुंग्या म्हणा, क्रेन म्हणा, पाऊस म्हणा. पाऊस निवडलात तर बाहेर पाऊस पडत असेल त्या दिवशी व्हिडिओ लावूच नका, थेट खिडकीत घेऊन जा.